महाराष्ट्राबाहेरची मराठी राजधानी कोणती? इंदूर, ग्वाल्हेर की बडोदा (घरात वाद पेटलाय)

राजवाडाकर (इंदूर):

मंडळी, नमस्कार. प्रश्न साधा आहे, पण त्यावरून गेल्या रविवारी आमच्या घरी पोहे थंड झाले. इंदुरात पोहे थंड होणं म्हणजे काय ते इंदूरवाल्यालाच कळेल.

आधी घरची रचना सांगतो. मी जन्माने इंदूरचा, रामबागेतला. नोकरीही इथेच झाली, आता निवृत्त. आईचं माहेर ग्वाल्हेरचं, लष्कर भागातलं. आई ८३ वर्षांची आहे, ऐकू कमी येतं, पण 'ग्वाल्हेर' हा शब्द तिला तीन खोल्या ओलांडूनही ऐकू जातो. आणि सून बडोद्याची, दांडिया बाजारातली. म्हणजे शिंदे, होळकर, गायकवाड एका छपराखाली. पेशव्यांना शेवटी शेवटी जे जमलं नाही ते आमची ही रोज दोन वेळच्या स्वयंपाकात जमवते.

तर नातू विचारतो, "आजोबा, महाराष्ट्राची राजधानी मुंबई. मग आपली कुठली?" म्हटलं, आपली म्हणजे? "म्हणजे जे मराठी आहेत पण महाराष्ट्रात राहत नाहीत, त्यांची." मुलाने मोबाइलमधून मान न काढता "भोपाळ" म्हणून उत्तर दिलं. झालं! तीन बाजूंनी तोफा सुरू.

माझं मत अर्थातच इंदूर. लंगडी बाजू आधीच कबूल करतो. अहिल्याबाईंचा कारभार महेश्वरहून चालायचा, इंदूर राजधानी झालं ते १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर, म्हणजे होळकर हरल्यावर. आईचा हा आवडता टोमणा. पण पुढचं बघा. १९४८ साली मध्यभारत झाला तेव्हा सरकारनेच ग्वाल्हेरला हिवाळी आणि इंदूरला उन्हाळी राजधानी केलं होतं. (यात इंदूरचं कौतुक किती आणि ग्वाल्हेरच्या मे महिन्याचा हात किती, ते सोडा.) आठ वर्षं फायलींचे गठ्ठे इकडून तिकडे फिरले, आणि १ नोव्हेंबर १९५६ ला नवा मध्य प्रदेश झाला तेव्हा दोन बोक्यांच्या भांडणात लोण्याचा गोळा भोपाळने खाल्ला. आम्हाला हायकोर्टाचं एकेक खंडपीठ, इंदूरला लोकसेवा आयोग, ग्वाल्हेरला महालेखापालांचं ऑफिस, अशी बोळवण झाली.

पण कागदावरची राजधानी वेगळी, मनातली वेगळी. माझी कसोटी रस्त्यावरची आहे. रंगपंचमीला आमच्या राजवाड्यासमोर गेर (रंगाची मिरवणूक) निघते तेव्हा पाण्याचे टँकर, तोफेसारखा उडणारा गुलाल, चौथ्या मजल्यापर्यंत रंग. पुण्याला धुळवडीलाच उरकून टाकतात, इथे पंचमीला अख्खं शहर सुट्टीवर. त्यात मारवाडी, बोहरी, सिंधी, सगळे. सण मराठी राज्याचा, पण आता तो 'मराठी लोकांचा' राहिलेला नाही, शहराचा झाला. आणि आमच्याकडे पोलीस ठाण्याचं नाव पंढरीनाथ आहे. साक्षात विठोबाच्या नावाने तक्रार नोंदवायची सोय दुसरीकडे कुठे असेल तर दाखवा.

तुमचं मत सांगा, कारणासकट. नातवाला वहीत लिहायचंय.

गोटातला (ग्वाल्हेर):

आधी आपल्या मातोश्रींना साष्टांग नमस्कार. त्यांच्या पक्षात एक मत वाढलं असं सांगा.

साहेब, तुमच्याकडे एक पंढरीनाथ. इकडे लष्करात फिरा. चिटनीस की गोठ, निंबालकर की गोठ. पाट्या हिंदीत, रिक्षावाले म्हणतात 'गोठ', आणि नवीन माणसाला वाटतं इथे गुरं बांधत असतील. माझ्या मते हा आपला 'गोट', 'शत्रूच्या गोटात'मधला. सरदारांचे तळ पडले, तळाचे वाडे झाले, वाड्यांचे मोहल्ले. 'लष्कर' हे नावच दौलतराव शिंद्यांच्या छावणीचं. फाळक्यांचा झाला 'फालका बाजार'. सबंध शहर म्हणजे उठायला विसरलेली मराठी छावणी आहे. मी स्वतः अशाच एका गोटात राहतो, म्हणून हे टोपणनाव.

पण आमचा खरा दावा गाण्याचा. हद्दू खाँ-हस्सू खाँची गायकी वासुदेवबुवा जोशींकडे आली, त्यांच्याकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर शिकले आणि दक्षिणेत, म्हणजे महाराष्ट्रात, घेऊन गेले. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर. आज महाराष्ट्रात पेटी-तबल्याच्या परीक्षेला बसणाऱ्या पोरांची वंशावळ काढा, फिरून फिरून आमच्या गल्लीत येते. पुण्या-मुंबईने ज्या शहराकडून उसनं घेतलं ते राजधानी नाही, तर कोण? १९१८ साली भातखंड्यांच्या देखरेखीखाली माधव संगीत विद्यालय निघालं तेही इथेच. आणि अजूनही तानसेन समारोहाच्या दिवशी सकाळी मकबऱ्यापाशी मिलाद होतो आणि ढोलीबुवा महाराजांची हरिकथा होते. तानसेनाच्या कबरीशेजारी नारदीय कीर्तनाच्या थाटाची कथा! इंदूरवाल्यांनी एकदा थंडीत येऊन बघावं. स्वेटर आणा.

कवितेत म्हणाल तर भा. रा. तांबे. आमचे राजकवी. इथेच वारले, १९४१ साली.

आता कबुलीजबाब. आमच्या गोटात माझ्या लहानपणी अकरा घरं मराठी होती. यंदा दिवाळीला गच्चीवरून मोजले, आकाशकंदील चार. मुलं दिल्ली, नोएडा, गुडगाव. दिल्ली आम्हाला फार जवळ पडली हो. तुमच्याकडून पोरं पुण्याला जातात, तिथे निदान मराठी टिकते. आमची गेली की 'पापा, आप समझते नहीं' म्हणत परत येतात. मंगळागौरीला पुरोहित मिळाले तर पूजा सांगतात मराठीत, पण दक्षिणेचा हिशेब हिंदीत.

सुरसागरकाठची (बडोदे):

दोन्ही आजोबांचं वाचलं. तुमच्या सुनेला म्हणावं, काळजी करू नकोस, मी आलेय.

एक, साहित्य संमेलनं मोजा. बडोदे: १९०९, १९२१, १९३४, २०१८. इंदूर: १९१७, १९३५, २००१. ग्वाल्हेर: १९६१. चार, तीन, एक. क्रिकेट काढणार असाल तर होळकर संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला, बडोद्याने पाच वेळा. चित्रकार बेंद्रे जन्मले तुमच्या इंदुरात, मान्य, पण चित्रकारांच्या पिढ्या घडवल्या त्या आमच्या फाइन आर्ट्‌समध्ये. इतिहासकार रियासतकार सरदेसाईंची नोकरी बडोद्याची. फाळके (तुमचे बाजारवाले नव्हेत, सिनेमावाले) कलाभवनात शिकले ते इथे.

पण मला यादीत रस नाही. आमच्या महाराजांबद्दल बोलायचंय. सयाजीराव मालेगावजवळच्या कवळाण्याचे. दत्तक आले आणि १८७५ मध्ये गादीवर बसले. १८९३ साली अमरेली तालुक्यात शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, १९०६ ला सगळ्या संस्थानात. मुलींनाही. प्रजा बहुतेक गुजराती, म्हणजे शाळाही बहुतेक गुजराती. इथे माझा मुद्दा येतो. राजा मराठी, पण त्याने राज्य मराठी लोकांसाठी नाही चालवलं. म्हणून १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात गेलं, १९६० ला गुजरात झालं, तरी बडोद्यात कुणी मराठी माणसाकडे 'आता जा तुमच्याकडे' म्हणून बघितलं नाही. माझ्या आजीने हे वारंवार सांगितलंय.

आणि दुसरी बाजूही लिहिते, नाहीतर नुसतीच आरती होईल. याच बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर १९१३ ला अमेरिकेला गेले. १९१७ ला नोकरीसाठी परत आले तर या राजधानीत त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतून लोकांनी बाहेर काढलं, आणि ते बागेत झाडाखाली बसून रडले. कमाटीबागेत ती जागा आता संकल्पभूमी म्हणून ओळखतात. शाळेत असताना आमची सहल बागेतल्या प्राण्यांच्या पिंजऱ्यांकडे जायची, छोट्या रेल्वेत बसवायचे, त्या झाडाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मला ते पस्तिशीत कळलं. नातवाच्या वहीत राजवाडे लिहाल तर हेही लिहा.

बाकी राजधानीचा पदार्थ हवा असेल तर शेवउसळ. उसळ तुमची-आमची, शेव गुजरातची, आणि वर तर्री इतकी की इंदूरवाला पोह्यांवर जिरावन मसाला टाकायला विसरेल.

मूळची इंदूरची (सध्या पुणे):

काका, मत इंदूरला, पण रंगपंचमीसाठी नाही.

पुण्यात नवीन आले तेव्हा एका दुकानात म्हटलं, "भैया, एक थैली द्या ना, मी ने सामान जास्त घेऊन घेतलं." दुकानदार माझ्याशी पुढचं सगळं हिंदीत बोलला! मी मराठीत, तो हिंदीत. शेवटी "कहाँ से हो आप लोग?" तेव्हा इतकी चिडले होते. आता हसू येतं, कारण आमच्या घरी 'मी ने' हे शुद्धच होतं. आजोबा पत्र लिहायचे तेव्हा भाषा एकदम टिळकांच्या काळातली, आणि तोंड उघडलं की 'करून राहिलोय'.

पण नाटकं! 'सानंद' या इंदूरच्या संस्थेमुळे मी तिथे जेवढी मराठी नाटकं बघितली तेवढी पुण्यात बघितलेली नाहीत. एकेका नाटकाचे पाच-पाच प्रयोग, सभासदांचे गट पाडून. आमच्या बाबांची जागा वर्षानुवर्षं ठरलेली, आणि पुढच्या रांगेतल्या काकूंचा अंबाडाही ठरलेला. मी अर्धी मराठी रंगभूमी त्या अंबाड्याच्या डाव्या बाजूने पाहिली आहे. पुण्यात नाटक 'कधीतरी बघू' असतं, इंदुरात ते वर्गणी भरलेलं असतं, जावंच लागतं. राजधानीत नाही का, दरबाराला हजर राहावंच लागायचं.

कावेरी (चेन्नई):

तिघेही भांडा, पण वडिलधाऱ्यांना विसरून? तंजावर. बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ साली भोसल्यांचा सबंध इतिहास मराठीत कोरला आहे. सरस्वती महाल ग्रंथालयात मोडीचे ढीग आहेत. आमच्या घरात अजून आमची मराठी बोलतात, तुम्हाला कळणार नाही म्हणून लिहीत नाही. इंदूर-बडोद्याला रात्रीची गाडी पकडून मुंबई गाठता येते. आम्ही तीनशे वर्षं विना-गाडी टिकलो.

राजवाडाकर (इंदूर):

सगळ्यांचे आभार. कावेरीताई, तंजावरचा मान वडीलकीचा. पंगतीत पहिलं पान तुमचं, पण वाढपी आमच्यातलाच राहू दे.

सुरसागरकाठची, तुमचा प्रतिसाद सुनेने दोनदा मोठ्याने वाचला. 'चार, तीन, एक' हा आता आमच्या घरातला मंत्र झालाय. भाजीत मीठ कमी म्हटलं तरी तेच उत्तर. कमाटीबागेतल्या झाडाचं मात्र नातवाने वहीत उतरवून घेतलं. महू आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, बाबासाहेबांच्या जन्मभूमीवर त्याला दोनदा नेलंय, पण बडोद्याचं हे मीही त्याला कधी सांगितलं नव्हतं. वहीत 'राजधानी' या शब्दापुढे त्याने तूर्त जागा रिकामी ठेवली आहे.

आता खरी गंमत. आईला सगळं वाचून दाखवत होतो. 'ग्वाल्हेर: १९६१' आल्यावर ती थांबवून म्हणाली, "कुसुमावतीबाई देशपांडे होत्या अध्यक्ष." मी चाट. म्हटलं, तुला कसं माहीत? "अरे, मी होते तिथे. पाणी वाटायला." तेव्हा ती एकोणीस वर्षांची, लग्न ठरायचं होतं. कॉलेजच्या मुलींना स्वयंसेविका म्हणून घेतलं होतं, छातीवर पिवळ्या फितीचं फूल. संमेलनाला पहिल्यांदाच बाई अध्यक्ष, म्हणून तिच्या आजीसुद्धा नऊवारी नेसून टांग्यातून आल्या होत्या. आजींना भाषणातलं फारसं कळलं नाही, पण घरी येऊन म्हणाल्या, बाई खाली न बघता बोलते. साठ-बासष्ट वर्षांत हे आईने आम्हाला एकदाही सांगितलं नव्हतं. मी विचारलं, का नाही सांगितलंस? तर म्हणे, "तुम्ही इंदूरचं सोडून काही विचारता का?"

काल दिवसभर ट्रंक उपसली. फूल सापडलं नाही. लग्नातल्या शालूच्या घडीत ठेवलं होतं असं ती ठाम सांगते, पण तो शालू माझ्या बहिणीकडे गेलाय, आणि बहीण उज्जैनला. आज तिला फोन केला, शोधते म्हणाली.

तर गोटातला साहेब, एक काम होतं. तुमच्या तिकडे कुणाच्या घरी, कुठल्या वाचनालयात, त्या संमेलनातल्या स्वयंसेविकांचा समूहफोटो असेल तर बघाल का? आई म्हणते, मागच्या ओळीत डावीकडून दुसरी, दोन वेण्या. फोटो मिळाला तर ग्वाल्हेरला एक मत मी स्वतः देईन, पण हे सुनेला सांगू नका.