मेटफॉर्मिन सोसत नाही. बंद करावे की डोस बदलून घ्यावा?

प्रश्न:
माझे वय २७ असून पाळी दोन-दोन महिने लांबत असल्यामुळे तपासण्या झाल्या आणि पीसीओएसचे (अंडाशयाशी संबंधित संप्रेरकांच्या असमतोलाचे) निदान झाले. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा दिली आहे. सकाळची गोळी मी चहाबरोबर घेते आणि ऑफिसला जाताना लोकलमध्येच पोटात कळा सुरू होतात. तोंडाला दिवसभर धातूसारखी चव राहते. औषध बंद करावेसे वाटते. ज्यांनी ते घेतले आहे त्यांनी कृपया सांगावे.

उत्तर १:
ताई, गोळी परस्पर बंद करू नका, पण त्रास अंगावरही काढू नका. मळमळ, जुलाब, पोट फुगणे हे या औषधाचे नेहमीचे दुष्परिणाम आहेत आणि बहुतेकींच्या बाबतीत ते काही आठवड्यांत ओसरतात. पीसीओएसविषयीच्या २०२३च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार कमी मात्रेपासून सुरुवात करून दर एक-दोन आठवड्यांनी ५०० मिलिग्रॅमने ती वाढवता येते, त्यामुळे तुमची मात्रा काही काळ कमी करता येईल का, हे डॉक्टरांना अवश्य विचारा. नुसत्या चहावर गोळी घेऊ नका. भरल्या पोटी घ्या. हळूहळू औषध सोडणारी एसआर गोळी अनेकींना अधिक मानवते आणि ती सहसा रात्रीच्या जेवणाबरोबर घेतात. ती तोडू वा चावू नये. काही वेळा तिचे रिकामे कवच शौचावाटे पडलेले दिसते. औषध शरीरात गेलेले असते, तेव्हा घाबरू नये.

उत्तर २:
मला एसआर गोळीनेच आराम पडला. मात्र दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेतल्यास बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते आणि आपल्यासारख्या शाकाहारी घरांत ते मुळातच कमी असण्याची शक्यता असते, म्हणून ती तपासणी करून घ्यावी. हातापायांना मुंग्या येत असतील तर डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नये.

उत्तर ३:
औषध नेमके कशासाठी दिले आहे, हेही विचारून घ्या. केवळ पाळी नियमित करणे आणि चेहऱ्यावरील लव कमी करणे हा हेतू असेल, तर सहसा संततिनियमनाच्या गोळ्यांचा विचार आधी होतो. परंतु डोळ्यांपुढे चमक येऊन सुरू होणारी अर्धशिशी, उच्च रक्तदाब किंवा पूर्वी रक्ताची गुठळी झालेली असल्यास ते डॉक्टरांना आधीच सांगणे अत्यंत आवश्यक आहे. शिवाय मेटफॉर्मिनमुळे अंडाशयातून स्त्रीबीज बाहेर पडणे पुन्हा सुरू होऊ शकते, म्हणून सध्या मूल नको असल्यास गर्भनिरोधनाचेही याच भेटीत विचारा.