मत कोणाला दिले हे सांगण्याची सक्ती करता येते का?

कृष्णाकाठ: विधानसभेच्या मतदानाआधी आमच्या गावातील एका पुढाऱ्याने घरोघरी बेलभंडारा उचलायला लावून देवाची शपथ घ्यायला लावली आणि निकालानंतर आता तो "मत कोणाला दिले?" असे विचारत फिरतो आहे. आमच्या शेताला त्याच्याच विहिरीचे पाणी मिळत असल्यामुळे आईला नकार देणे अवघड जाते. न सांगण्याचा तिला अधिकार आहे का, आणि मतदान केंद्राच्या आकड्यांवरून तिचे मत ओळखता येते का?

सनद: अधिकार निश्चित आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ९४ नुसार गुप्त मतदानात कोणाला मत दिले हे सांगण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही, अगदी न्यायालयातील साक्षीदारावरही नाही. रघबीर सिंग गिल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये स्पष्ट केले की ही गुप्तता मतदाराच्या हक्काची असून ती त्याने स्वेच्छेने सोडली तरच सुटते. शपथेची बाब तर अधिक गंभीर आहे, कारण दैवी कोपाची किंवा वाळीत टाकण्याची भीती घालून मत वळवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १७१ नुसार गैरवाजवी प्रभाव ठरतो आणि त्याला एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो.

मतमोजणी: एकट्या आईचे मत आकड्यांवरून कळत नाही. मात्र निकाल केंद्रनिहाय जाहीर होत असल्याने कोणत्या वस्तीने कोणाला साथ दिली याचा अंदाज बांधता येतो, आणि माझ्या मते खरा धाक तिथेच आहे. मतपत्रिकांच्या काळात अशी भीती असल्यास मोजणीपूर्वी अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळण्याची तरतूद होती. यंत्रांसाठीही १४ केंद्रांची मते एकत्र मोजणारा टोटलायझर वापरावा, असा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ मध्ये मांडला आणि विधी आयोगाने २०१५ मध्ये त्याला पाठिंबा दिला, तरी केंद्र सरकारने विरोध केल्यामुळे तो अमलात आला नाही. लहान वाड्या-वस्त्यांवरील मतदारांवर हा अन्याय आहे.

माणदेशी: आईंनी "मत गुप्त असते, ते मी कोणालाच सांगत नाही" एवढेच म्हणावे. खोटे नाव सांगू नये, कारण पुढच्या वेळी तेच उत्तर पुन्हा मागितले जाते. पाणी तोडण्याची धमकी आली, तर तारीख, नेमके शब्द आणि तिथे कोण हजर होते हे त्याच दिवशी लिहून ठेवा आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन तिची पोच घ्या. वस्तीतील आणखी दोन-चार घरांनी सोबत सही केली, तर एकट्या आईंवर रोख राहणार नाही.