घरात भाजी नाही, नुसते डबे आहेत, पोटभर सूप कसं करू?

ताई: काकू आहेस का गं? पाय मुरगळलाय, दोन दिवस जिना उतरायचा नाही म्हणून सांगितलंय. फ्रिजमध्ये एक गाजर आणि अर्धं लिंबू, बाकी सगळं डब्यात. अख्खे मसूर, राजमा, पास्ता, ओट्स, कांदे, बटाटे, लसूण, टोमॅटो प्युरीचं पाकीट. काल म्हटलं ह्याचंच मस्त दाट सूप करू, राजमा नि लिंबू सोडून सगळं एकदम पातेल्यात टाकलं, पाणी ओतलं नि उकळत ठेवलं. दोन तास झाले तरी मसूर कचकच लागतोय, पाणी वर नि दाणे खाली, काही मिळूनच आलं नाही. खाल्लं तसंच पण तासाभरात परत भूक

दादा: प्युरी कधी घातलीस?

ताई: सुरुवातीलाच, म्हटलं ना सगळं एकदम

काकू: अगं मग तिथेच अडलं सगळं. आंबट आधी पडलं की कडधान्य शिजतच नाही, तू चार तास उकळलंस तरी कचकच राहणार. दाण्याच्या आत पेशींना एकमेकींना धरून ठेवणारं पेक्टिन असतं, साध्या गरम पाण्यात ते हळूहळू विरघळतं आणि म्हणून दाणा मऊ पडतो, पाणी आंबट असलं की ते विरघळत नाही. टोमॅटो, लिंबू, चिंच, व्हिनेगर, काहीही असो, दाणा बोटाने दाबल्यावर पूर्ण चिरडला गेला की मगच घालायचं. एवढं एक सांभाळ, बाकी चुका निस्तरता येतात

बाबा: आणि मीठसुद्धा शेवटीच ना वहिनी? आपल्याकडे तेच सांगत आले सगळे

काकू: भाऊजी मीही कित्येक वर्षं तेच करायचे. पण मिठाने दाणा कडक होत नाही, उलट भिजवायच्या पाण्यातच थोडं मीठ घातलं तर साल मऊ पडते आणि फुटत नाही. साल कडक ठेवतं ते कॅल्शियम, मिठातलं सोडियम त्याची जागा घेतं. म्हणूनच बोअरच्या जड पाण्यात शिजायला वेळ लागतो. तुम्ही एकदा अर्धे मिठाच्या पाण्यात नि अर्धे साध्या पाण्यात भिजवून बघा, साल बघूनच कळेल. हां, कडधान्य फार जुनं असेल तर मात्र काहीही करा, ते हट्टीच असतं

बाबा: चिमूटभर खायचा सोडा?

काकू: अगदीच जुनं असेल तर चिमूट, त्याच्या वर नाही. जास्त झाला की सगळा गाळ होतो, साबणासारखी चव येते, शिवाय बी-१ जीवनसत्त्व जातं. मसुराला तर गरजच नाही

वहिनी: मी तर अशा वेळी कॉर्नफ्लोअर लावते नि मोकळी होते, पाच मिनिटांत दाट

काकू: दाट दिसतं गं, पण पोटात काय जातं? तिने लिहिलंय बघ, तासाभरात परत भूक लागली. पोट भरायचं तर दाटपणा डाळीतूनच यायला हवा, प्रथिनं नि तंतू त्यात आहेत. आपण त्याच दाण्यांतले थोडे घोटायचे, झालं

ताई: काकू नीट पहिल्यापासून सांग ना, मी आत्ता खुर्ची ओढून गॅसपाशी बसते

काकू: सांगते, लांबेल हं. एक वाटी अख्खे मसूर दोनदा धू. भिजवले नाहीत तरी चालतं, पातेल्यात अर्धा पाऊण तास, कुकरला तीन चार शिट्ट्या. सालं काढलेली लाल मसूर डाळ असती तर पंधरा वीस मिनिटांत विरघळूनच गेली असती, दोन्हींचं काम वेगळं, डाळ दाटपणा देते आणि अख्खा दाणा चावायला लागतो. कुकर लावणार असलीस तर अर्ध्याच्या वर भरू नकोस, डाळीला फेस येतो नि तो शिट्टीच्या भोकात अडकतो, थोडं तेल सोड म्हणजे फेस कमी धरेल.

ते शिजतंय तोवर दुसऱ्या जाड बुडाच्या पातेल्यात दोन चमचे तेल, दोन कांदे बारीक चिरून. इथे घाई करायची नाही. मंद आच, चिमूटभर मीठ घाल म्हणजे कांद्याला पाणी सुटतं. आधी पांढरा, मग काचेसारखा, मग कडेकडेने पिवळट होईल, तिथे बरेच जण थांबतात, तू थांबू नकोस. पंधरा वीस मिनिटांनी तो मऊ पडून एकत्र गोळा व्हायला लागतो, तळाला तपकिरी थर धरतो, तो थर म्हणजेच चव. दोन चमचे पाणी शिंपड आणि उलथन्याने खरवडून घे, परत धरू दे, परत खरवड. असं दोनतीनदा. भाज्या नाहीत ना तुझ्याकडे, मग सगळा स्वाद ह्या कांद्यातूनच काढायचाय.

मग लसूण ठेचून सहा सात पाकळ्या, अर्धा मिनिट, लसूण करपला की सूप कडू. मग गाजर, बटाटा, बारीक फोडी. मग प्युरी अर्धी वाटी, आणि ती तेलातच परत. आधी ती तडतडेल, शिंतोडे उडतील, जरा लांब बस. लालभडक आहे ती विटकरी व्हायला हवी, कडेला तेल सुटायला हवं आणि कच्चट वास जायला हवा. पाकिटातल्या प्युरीचा तो डब्यासारखा वास असाच जातो, नुसतं पाण्यात उकळून जात नाही

ताई: थांब थांब लिहून घेतेय. मसूर शिट्टीला लावला

दादा: माझ्याकडे सुके मशरूम असतात नेहमी, ते गरम पाण्यात अर्धा तास भिजवायचे आणि ते पाणी गाळून सूपमध्ये. गाळायचं नक्की, खाली रेती असते. टोमॅटो, सोया सॉस नि मशरूम एकत्र आले की चव कैक पटीने वाढते, एकमेकांना ओढतात ते. पण एक सांगतो, परदेशी रेसिप्या बघून करणार असाल तर लेबल वाचा. त्यात सर्रास पार्मेझान चीजची कड टाकायला सांगतात आणि खरं पार्मेझान वासराच्या पोटातल्या रेनेटने बनतं, म्हणजे शाकाहारी नाही. बऱ्याच वुस्टर सॉसमध्ये मासे असतात. स्टॉकचे क्यूब पण बघून घ्या

वहिनी: बापरे चीजचं माहीतच नव्हतं

आत्या: आणि राजम्याचं पण सांगा तिला, तिने राजमा लिहिलाय. ताई तो असाच सूपमध्ये टाकू नकोस हं. कच्च्या राजम्यात लेक्टिन असतं, चार पाच दाणे कच्चे गेले तरी उलट्या जुलाब होतात. रात्रभर भिजव, ते पाणी फेकून दे, ताज्या पाण्यात पहिल्यांदा निदान दहा मिनिटं, मी तर अर्धा तास म्हणते, खळखळ उकळू दे, नुसतं गरम नाही, खळखळ. मग पुढे मंद आचेवर काय ते. कुकरमध्ये होतं सगळं नीट. ते विजेचे स्लो कुकर मिळतात ना त्यात कच्चा राजमा थेट कधीच नाही, त्यात पाणी धड उकळतच नाही नि विष तसंच राहतं, उलट वाढतं म्हणतात

ताई: अगं आत्या बरं झालं सांगितलंस, कालच्यात नव्हता टाकला, आज टाकणारच होते. आता परवासाठी भिजवते

आत्या: परवासाठी उद्या रात्री भिजव, जास्त वेळ बाहेर राहिला तर आंबेल

काकू: झाला का मसूर? वाफ आपोआप जाऊ दे, शिट्टी उचलून काढू नकोस

ताई: झाला. बोटात दाबला, लोण्यासारखा

काकू: आता बघ. त्यातला एक तृतीयांश बाजूला वाटीत काढ आणि पळीच्या पाठीने वाटीच्या कडेला दाबून दाबून घोट, मिक्सर नको. पूर्ण गुळगुळीत नाही करायचं, अर्धवट. मग सगळं, शिजवलेल्या पाण्यासकट, कांद्याच्या पातेल्यात ओत. वाटीभर दाण्याला एकूण पाच सहा वाट्या पाणी हवं, कमी पडलं तर आधणाचं घाल, गार पाणी नको, उकळी मोडते. तमालपत्र असेल तर एक. ओट्स दोन चमचे, जास्त नाही, ओट्स पाणी पितात आणि चिकट दाटपणा देतात, चार चमचे घातलेस तर खळ होईल. मग झाकण अर्धं ठेवून बटाटा शिजेपर्यंत मंद आच. मीठ दीड छोटा चमचा, पण एकदम नाही, एक आता नि अर्धा शेवटी चाखून, कांद्यात चिमूट आधीच गेलीय

वहिनी: मीठ जास्त झालं तर बटाट्याची फोड टाकायची, तो ओढून घेतो

काकू: अगं ते सगळे म्हणतात पण बटाटा काही नेमकं मीठ शोधून ओढत नाही. तो खारट पाणी पितो, मागे उरलेलं पाणी तेवढंच खारट. त्यापेक्षा पाणी वाढव आणि थोडी बिनमिठाची शिजलेली डाळ घाल, सूपही जास्त होतं

बाबा: पास्ता कुठे गेला, मला पास्ता हवा

काकू: पास्ता वेगळा उकळा भाऊजी आणि वाढताना वाडग्यात घाला. सूपमध्येच शिजवला तर तो तासाभरात सगळं पाणी पिऊन फुगतो, रात्री बघाल तर सूप नाही, लगदा. आत्ताच्या आत्ता सगळं संपणार असेल तर शेवटच्या दहा मिनिटांत चालेल

ताई: 📷 हे बघ. रंग आला ना? कालचं नुसतं लालसर पाणी होतं. चमचा उलटा केला तर थर राहतोय

आत्या: किती सुंदर

काकू: छान आलाय गं. आता चाखून बघ आणि सांग काय वाटतं, घाई नको, चमचा फुंकून

ताई: चांगलं आहे पण काहीतरी कमी आहे. मीठ बरोबर आहे. थोडं जड जड वाटतंय, सपक नाही पण बसल्यासारखं

काकू: तेच आंबट. आता तुझं अर्धं लिंबू. गॅस बंद करून पिळ, उकळत्यात नाही, सुवास उडून जातो. डाळीच्या सूपला शेवटचं आंबट नसेल तर ते असंच बसलेलं लागतं, किती मसाले टाका. शिवाय लिंबातल्या क जीवनसत्त्वाने डाळीतलं लोह अंगी लागतं, ते काही उगीच नाही पिळत आपण. वरून मिरी ताजी कुटून, आणि छोट्या कढल्यात चमचाभर तेलात लसणाचे काप खरपूस करून थोडं तिखट सोड, गॅस बंद करून मग तिखट, नाहीतर जळेल. ते वरून

ताई: केलं

ताई: काकू

ताई: काकू हे वेगळंच लागतंय, खरंच, तेच डबे आहेत गं कालचेच

दादा: मला फोटो बघून भूक लागली

काकू: 🙂 तू बसून खा आता. पाय वर घे उशीवर

वहिनी: मी मिक्सरला लावते सूप, एकदा झाकण उडून सगळं ओट्यावर नि हातावर आलं होतं, भाजलं चांगलंच. का होतं तसं?

काकू: वाफेने. गरम पातळ पदार्थ फिरवला की एकदम वाफ सुटते नि झाकण ढकलते. अर्ध्याच्या वर भांडं भरायचं नाही, झाकणाची छोटी टोपी काढून वर घडी केलेलं फडकं धरायचं आणि आधी हळू. त्यापेक्षा कोमट होऊ देत, परत गरम करता येतंच की

ताई: चार जणांना पुरेल एवढं झालंय, एक वाडगा खाल्ला तर पोट गच्च. उरलेलं किती दिवस राहील

आत्या: फ्रिजला तीन चार दिवस बिनधास्त, फ्रीझरला दोन तीन महिने. पण दोन तासांच्या आत आत जायला हवं, आणि पातेलं तसंच ठेवू नकोस, मोठं पातेलं मध्ये तासन्तास कोमटच राहतं नि तिथेच खराब होतं. पसरट डब्यांत वाट

काकू: आणि उद्या काढशील तेव्हा घट्ट झालेलं असेल, बिघडलं असं समजू नकोस. बटाटा, ओट्स नि मसूर रात्रभर पाणी पितात. आधणाचं पाणी घाल, परत चांगली उकळी आण, मग मीठ नि लिंबू परत चाख, पाणी वाढलं की दोन्ही कमी पडतात. उद्याची चव आजच्यापेक्षा बरी लागेल बघ

ताई: लिंबू संपलं. व्हिनेगर आहे

काकू: चालेल, अर्धा छोटा चमचाच, मग चाखून

ताई: दोन डब्यांत भरलं, आता झाकणं लावते

काकू: लगेच नको गं, आधी वाफ जाऊ दे