मदत हवी आहे: सहलीला सोबत न्यायचे पालक कसे निवडायचे?

नवीबाई
परवा मुख्याध्यापकांना नावं द्यायची आहेत, म्हणून घाईत विचारतेय. सहलीला सोबत यायला अकरा पालक तयार आहेत, मला सहा हवेत. चिठ्ठ्या टाकू का? कुणी रुसणार नाही, पण दोघांच्या हाती मुलं द्यायला माझं मन तयार नाही आणि तसं तोंडावर सांगताही येत नाही. शिवाय निवडलेल्यांना आधी काय सांगायचं? ‘मुलांवर लक्ष ठेवा’ एवढ्यावर भागत नाही, हे दुसऱ्या वर्गाच्या सहलीत पाहिलंय. मोठी माणसं सगळी घोळक्यात, मुलं भलतीकडे.

दोनमुलांची_आई
इयत्ता कुठली? मुलं किती? एका दिवसाची सहल की मुक्कामी?

निवृत्त_मास्तर
चिठ्ठ्या अजिबात नकोत. अर्ध्या तासाची बैठक ठेवा, सक्तीची. जो बैठकीला येणार नाही तो सहलीलाही नाही. निम्मी निवड तिथेच होईल. प्रत्येकाच्या हातात त्याच्या गटाची यादी द्या आणि सहलीच्या दिवशी यादी न बघता नावं म्हणून घ्या. ‘सगळ्यांनी सगळ्यांकडे बघा’ म्हटलं की कुणीच कुणाकडे बघत नाही. बसमध्ये चढताना, उतरताना, जागा बदलताना दर वेळी हजेरी, तीही नाव घेऊन. गर्दीत दुसऱ्या शाळेचं मूल रांगेत शिरलं तरी नुसता आकडा बरोबर येतो.

हिरवळ
गाडी लागणाऱ्या मुलांना पुढे बसवा, लांबचं बघायला सांगा, चालत्या गाडीत वाचन नको. गोळी द्यायची तर निघायच्या आधी. उलट्या सुरू झाल्यावर उपयोग नाही.

दोनमुलांची_आई
@हिरवळ, त्यांनी पालक निवडायचं विचारलंय.
@नवीबाई, माझा आग्रह एकच. पालकाला स्वतःच्या मुलाचा गट देऊ नका. नजर सारखी आपल्याच लेकराकडे जाते.

निवृत्त_मास्तर
असहमत. लहान मुलाला आई समोर दिसते आणि जवळ जाता येत नाही, मग ते दिवसभर रडतं. मोठ्या मुलांना तुमचा नियम लावा, लहानांना नको. म्हणून तर इयत्ता कळायला हवी.

नवीबाई
चौथी. ४८ मुलं, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. आम्ही दोन शिक्षिका. एका मुलीला फिट येते, एकाला मधमाशी चावलेली चालत नाही. तळ्यावर जायचंय, नौकाविहार आहे.

रात्रपाळी
हे सगळ्यात आधी सांगायचं होतं! मी परिचारिका आहे. या दोन मुलांच्या गटासाठी माणूस आधी ठरवा, बाकीचे नंतर. फिट आली तर मुलीला कुशीवर वळवायचं, दाबून धरायचं नाही, तोंडात काहीही घालायचं नाही, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही तर रुग्णवाहिका. मधमाशीवाल्या मुलाला डॉक्टरांनी अ‍ॅड्रेनालिनचं (तीव्र अ‍ॅलर्जीवरचं) इंजेक्शन जवळ ठेवायला दिलं असेल तर ते त्याच्या गटाच्या माणसाजवळच हवं, बसमधल्या बॅगेत नको. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला देतात. कसं द्यायचं हे त्याच्या पालकांकडून आधी शिकून घ्या. आणि कुणीही स्वतःच्या पर्समधली गोळी दुसऱ्याच्या मुलाला देणार नाही, हे बैठकीत ठासून सांगा. मुलांना अ‍ॅस्पिरिन तर नकोच.

काठावर
बुडणारं मूल बहुतेक वेळा ओरडत नाही, हातही हलवत नाही. गुपचूप खाली जातं. म्हणून काठावर एका माणसाला दुसरं कुठलंच काम नको. फोन नको, फोटो नकोत, गप्पा नकोत. थोड्या थोड्या वेळाने माणूस बदला, नजर थकते. मी तर म्हणेन नौकाविहारच काढून टाका.

हिरवळ
असं एकेक काढत गेलात तर मुलांनी जायचं तरी कुठे? हल्ली पालक फार घाबरतात.

काठावर
जाऊ दे की, पण मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट आहेत का, हे आजच फोन करून विचारा. मोठ्यांचं जॅकेट मुलाच्या डोक्यावरून निसटतं.

दोनमुलांची_आई
@नवीबाई, ‘मन तयार नाही’ म्हणजे नेमकं काय?

नवीबाई
एक जण सतत फोनवर असतात. दुसऱ्यांनी शाळेच्या फाटकाशी दुसऱ्याच्या मुलावर हात उगारलेला मी स्वतः पाहिला.

निवृत्त_मास्तर
मग या दोन गोष्टी एका मापाने मोजू नका. पहिल्यांना बैठकीत फोनचा नियम सांगा. पटलं तर येतील. दुसऱ्यांचं मुख्याध्यापकांना आजच सांगा, जे पाहिलं तेवढंच. तो निर्णय एकट्या शिक्षिकेने अंगावर घ्यायचा नाही.

रात्रपाळी
सहमत. आणखी एक. स्वच्छतागृहात मुलं दोघं-तिघं मिळून जातील, मोठं माणूस दाराबाहेर थांबेल. एकट्या मुलाला घेऊन कुणीच बाजूला जायचं नाही, ओळखीचा पालक असला तरी. मुलांचं भलं आहेच, आणि सोबत येणाऱ्यावर उगाच संशय येत नाही.

नवीबाई
मुख्याध्यापकांशी आज बोलते, जॅकेटचंही विचारते. बैठक उद्या संध्याकाळी. सहाच्या ऐवजी सात घेतले तर चालतील का? एक काठासाठी वेगळा, गट न देता.

काठावर
सात घ्याच. आणि त्या सातव्याला पोहता येतं का, विचारा.