अनुभव धागा : कुणी बघत नसताना

"देव मानत नाहीस, मग उद्या कुणाचा गळा कापायला तुला अडवणार कोण?" परवा जेवताना सासऱ्यांनी विचारलं. उत्तर सुचलं नाही, म्हणून इथे आले. देव आहे की नाही यावर वाद नको, तो वर्षातून चारदा होतोच. कुणी बघत नसताना काय केलंत, किंवा करता करता का थांबलात, तेवढं लिहा.

बांधकरी
माझं आजोळ शनिशिंगणापूर. घरांना दारं नाहीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. २०११ मध्ये युको बँकेनं बिनकुलपाची शाखा काढली तेव्हा पेपरांतही आलं. आजीचे पैसे कोनाड्यात उघडे असायचे, शनिदेवाच्या धाकानं कुणी हात लावत नसे. पण तेच माझे मामा दर नांगरटीला चुलतभावाचा बांध वीतभर कोरायचे. विचारलं, हे देवाला चालतं का? "ही काय चोरी हाय व्हय? वाटणीच चुकल्याली." शेवटी सरकारी मोजणी आली तेव्हा बांध मागे सरकला.

साक्षीदार
कोर्टात मी ईश्वराची शपथ न घेता प्रतिज्ञा केली. १९६९ च्या शपथ कायद्यात तशी सोय आहे. समोरचे वकील मधल्या सुट्टीत हसून म्हणाले, "म्हणजे खोटं बोलायला मोकळे!" नंतर त्यांच्या अशिलानं ईश्वरसाक्ष शपथ घेतली आणि माझ्यासमोर केलेली सही आपली नाहीच म्हणून सांगितलं. आमचे वकील कुजबुजले, "याचं कुलदैवत खंडोबा. बेल-भंडारा उचलायला लावला असता तर बोबडी वळली असती." कोर्टात भंडारा ठेवत नाहीत. (मीही एक तारीख अंदाजानंच ठोकून दिली होती, ते राहू दे.)

रात्रपाळी
नर्स आहे. बेशुद्ध पेशंटच्या उशीखाली चार हजार सापडले. त्याच महिन्यात मुलाची फी थकली होती. देव वगैरे आठवला नाही. रोज चटणी-भाकरीचा डबा घेऊन येणारी त्याची बायको आठवली. वहीत नोंद करून टाकली.

धागाकर्ती
बांधकरी, मामांचं वाक्य सासऱ्यांना ऐकवलं. हसले नाहीत. त्यांचाही एक बांध आहे.

वाळवंट
माझं उलट आहे. वडील रोज प्यायचे, आईला मारायचे. शपथा, डॉक्टर, पोलीस, सगळं झालं. एका आषाढीला शेजाऱ्यांच्या दिंडीबरोबर गेले आणि पंढरपुरात माळ घालून आले. पुढे अठरा वर्षं थेंब नाही. एकदा ऐन जेवणाच्या वेळी माळ तुटली. ताट सारून मणी वेचत बसले. पुन्हा ओवून गळ्यात घालेपर्यंत पाणीसुद्धा घेईनात. अंधार पडला तरी दोन मणी मिळेनात. मी पक्का नास्तिक, टॉर्च घेऊन अंगणात रांगत होतो. आई दारात उभी होती. अठरा वर्षांपूर्वीचा तिचा तो चेहरा मला त्या संध्याकाळी पुन्हा दिसला.