पिकअपच्या हौद्याच्या कामाला घरी कोणतं वेल्डिंग मशीन घ्यावं?

पिकअपवाला_फलटण
नमस्कार मंडळी. माझ्याकडे जुना बोलेरो पिकअप आहे, भाजीपाला भरून पुण्याला गुलटेकडीच्या मार्केटला जातो. ओल्या मालाचं पाणी मुरून मुरून हौद्याच्या तळाचा पत्रा सडलाय, फाळक्याची एक बिजागरी तुटलीय आणि ताडपत्रीसाठी वर पाइपची फ्रेम पण करायचीय. गावातला वेल्डर काम एक नंबर करतो पण त्याची तारीख मिळता मिळत नाही आणि गाडी उभी राहिली की धंदा बसला. आयटीआय केलंय, रॉड धरता येतो. बजेट पंधरा हजार, ताणून अठरा. घरी सिंगल फेज. आर्क (रॉडवालं) घेऊ का मिग (तारेच्या रिळावर चालणारं)? ऑनलाइन तर ४०० अँपिअरचं मशीन पाच हजारात दिसतंय, ते खरं असतं का?

उद्यमनगरी
भाऊ ते ४०० फक्त डब्यावर छापलेलं असतं, सोड ते. सिंगल फेजवर घरच्या लाइनीतनं तेवढं खेचायला गेलं तर मीटरच रडेल. मशीनच्या मागची नेमप्लेट बघायची, तिथं ड्यूटी सायकल लिहिलेली असते, २०० अँपिअरला ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं वेल्डिंग आणि चार मिनिटं गार होऊ द्यायचं. असं मशीन सलग चालवायचं झालं तर साधारण दीडशेच्या आसपास चालतं, आणि तुला तेवढं लागतच नाही. प्लेटच नसेल किंवा टक्के लिहिले नसतील तर ते मशीन हातात पण घेऊ नको.
तुझ्या कामाला २०० अँपिअरचं इन्व्हर्टर आर्क (हलकं, इलेक्ट्रॉनिक मशीन) भरपूर झालं. तळाला ३ एमएमची चेकर प्लेट टाकणार असशील तर अडीच एमएमचा ६०१३ (साध्या लोखंडाचा नेहमीचा) रॉड, ८०-९० अँपिअर, विषय संपला. बिजागरीला आणि खालच्या अँगलला सव्वातीनचा रॉड, शंभर ते सव्वाशे. जुनं तांब्याच्या वाइंडिंगचं ट्रान्सफॉर्मर मशीन कुणी स्वस्तात देतो म्हणाला तरी भुलू नको, मशीन मरत नाही हे खरं पण बरीचशी दोन फेजवर चालतात आणि उचलायला दोन गडी लागतात.
मशीन घे ब्रँडेड, जवळ सर्व्हिस मिळेल असं. उरलेल्या पैशात ग्राइंडर आणि ऑटो डार्क हेल्मेट. काळ्या काचेची हातातली पाटी धरून फ्रेमवर चढशील तर एक हात तिथंच अडकला.

वायरमन_बारामती
मशीनवर सगळे बोलतात, लाइनवर कोणी बोलत नाही. अडीचच्या रॉडला मशीन लाइनीतनं दहा-पंधरा अँपिअर ओढतं, १६ च्या पॉवर सॉकेटवर भागतं. सव्वातीन लावला की वीसच्या पुढं जातं. म्हणून मीटरपासून वेगळी ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची लाइन, ३२ चा एमसीबी आणि अर्थिंग. वेल्डिंगची अर्थ क्लॅम्प (कामाच्या लोखंडाला लावायचा चिमटा) वेगळी आणि घराची अर्थिंग वेगळी, हे दोन एक समजून लोक गोंधळ घालतात. एक्स्टेन्शन लागलंच तर अडीच स्क्वेअरच्या खाली नको, आणि पूर्ण उलगडून टाकायचं, गुंडाळी तशीच ठेवली तर तापते. संध्याकाळी गावात व्होल्टेज १८० ला येतं तेव्हा रॉड चिकटायला लागतो आणि माणूस मशीनला शिव्या घालतो, सकाळी काम करा.

पत्रा_मास्टर
वरच्यांशी थोडा असहमत. हौद्याच्या बाजूचा पत्रा १८ गेजचा (साधारण सव्वा एमएम) असेल तर तिथं आर्कनं भोकंच पडतात, मिगनं काम सुंदर होतं. पण गॅसवालं मिग म्हणजे सिलिंडर, रेग्युलेटर, भरायला शहरात चकरा, अठरा हजारात बसणार नाही. गॅसलेस फ्लक्स कोअर वायरचं (तारेच्या पोटातच पावडर असते, गॅस लागत नाही) छोटं मशीन बसेल कदाचित, त्यात पोलॅरिटी (प्लस-मायनसची जोडणी) उलटी करावी लागते, टॉर्च निगेटिव्हला, बरेच जण ते करत नाहीत आणि मग शिंतोडेच शिंतोडे. वायर महाग पडते हेही आहे. आर्कच घेणार असाल तर पातळ पत्र्यावर रॉड निगेटिव्हला लावा, अँपिअर कमी करा आणि सलग न ओढता लांब लांब टाके मारा, एका टोकाला टाका, मग दुसऱ्या टोकाला, मग मध्ये. नाहीतर पत्रा असा बाक खातो की हातोड्यानं पण सरळ होत नाही.

पिकअपवाला_फलटण
खूप आभार सगळ्यांचे. मग आर्कच घेतो. अजून एक, मशीन आलंच तर पुढं पाइपचा बुल गार्ड आणि मागं चासीला ओढायचा हुक पण मारून घेऊ का?

गॅरेजवाले_काका
बुल गार्ड नको रे बाबा. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक खात्यानं राज्यांना पत्र काढून सांगितलंय की क्रॅश गार्ड, बुल बार हे मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या विरोधात आहेत. दंड भरायचा आणि पासिंगला पुन्हा काढायचा, कशाला ती दगदग. ताडपत्रीच्या फ्रेमचंही आधी आरटीओत विचारून घे.
आणि चासीला रॉड लावायचाच नाही. चासीच्या पट्टीवर, त्यातही खालच्या-वरच्या कडेवर टाका मारला की उष्णतेनं तिथला लोखंडाचा गुण बदलतो आणि लोड पडल्यावर तडा बरोबर टाक्याच्या शेजारून जातो. हुक बोल्टानं बसव. हौद्याला मात्र खुशाल मार, तो चासीवर बोल्टानंच बसवलेला असतो, बोल्ट काढून उचलून बाजूला घेतलास तर सगळ्यात बरं.
गाडीवरच करणार असशील तर आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढ, ईसीएमवाली (इंजिनाचा कॉम्प्युटर असलेली) गाडी असेल तर त्याचा कनेक्टर पण काढ. अर्थ क्लॅम्प टाक्यापासून वीतभर अंतरावर, रंग ग्राइंडरनं घासून चकचकीत लोखंडावर लाव. इकडं फाळक्यावर रॉड आणि तिकडं पुढच्या बंपरला क्लॅम्प असं केलंस तर करंट वाट शोधत बेअरिंगमधून, वायरिंगमधून जातो. डिझेल टाकी आणि पाइप कुठून गेलाय ते खाली झोपून बघून घे, ओलं गोणपाट आणि पाण्याची बादली जवळ ठेव.
नवा पत्रा जीपी (जस्त चढवलेला) असेल तर वेल्डिंगच्या जागचं जस्त आधी घासून काढ, तो पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. काम उघड्यावर कर.