ब्राटवुर्स्टमधल्या ‘ब्राट’चा अर्थ काय?

प्रश्न: जर्मनीतल्या एका प्रवासवर्णनाचा अनुवाद करतोय. ‘ब्राटवुर्स्ट’ पानोपानी येतो. ‘ब्राटन’ म्हणजे भाजणे, ‘वुर्स्ट’ म्हणजे सॉसेज, म्हणून मी सरळ ‘भाजका सॉसेज’ केलं. पण न्यूर्नबर्गच्या प्रकरणात लेखक हेच ब्राटवुर्स्ट व्हिनेगर घातलेल्या पाण्यात शिजवलेले खातो. आता ‘भाजका’ कसं चालेल?

उत्तर: तुम्ही अडलात ती जागा अगदी नेमकी आहे, कारण ‘ब्राट’ मुळात भाजण्यावरून आलेलाच नाही. जुन्या जर्मनमध्ये ‘ब्राट’ किंवा ‘ब्राटो’ म्हणजे निव्वळ मांस, हाडाशिवायचं. ‘ब्राटन’ हे क्रियापद उच्चाराने जवळचं, त्यात हे सॉसेज बहुतेक वेळा भाजूनच खाल्ले जातात, त्यामुळे पुढे खुद्द जर्मन लोकांच्याही मनात दोन्ही शब्द एक झाले. जुना अर्थ मात्र अजून दोन ठिकाणी जिवंत आहे. शिकारीच्या मांसाला ‘विल्टब्रेट’ म्हणतात, त्यातला ‘ब्रेट’ हाच. आणि खाटकाच्या दुकानात सॉसेजमध्ये भरायच्या कच्च्या, बारीक केलेल्या मांसाला आजही ‘ब्रेट’च म्हणतात. आपल्याकडे करंजीत, मोदकात जे भरतो त्याला सारण म्हणतो, तसं हे मांसाचं सारण. ते आतड्यात भरलं की ब्राटवुर्स्ट झाला. भाजणं, तळणं, उकडणं ही पुढची गोष्ट.

तुमच्या लेखकाने खाल्ले ते बहुधा ‘ब्लाउए त्सिप्फेल’. न्यूर्नबर्ग ज्या भागात आहे त्या फ्रँकोनियात कच्चे ब्राटवुर्स्ट कांदा, व्हिनेगर आणि मसाला घातलेल्या पाण्यात मंद शिजवतात. त्यांच्यावर निळसर झाक येते, म्हणून हे नाव: निळी टोकं. तिथे ‘भाजका’ लिहिलंत तर वाचक गोंधळेल.

याच शब्दाची दुसरी जोडी ‘रोस्टब्राटवुर्स्ट’. इथला ‘रोस्ट’ पाहून इंग्रजी रोस्ट आठवतं, पण जर्मनमध्ये रोस्ट म्हणजे निखाऱ्यावरची जाळी. म्हणजे भाजण्याचा अर्थ हवाच असेल तर तो ‘रोस्ट’मध्ये आहे, ‘ब्राट’मध्ये नाही. इथे ‘जाळीवर भाजलेला ब्राटवुर्स्ट’ म्हटलंत तर पूर्ण बरोबर.

हा शब्द जुनाही किती! मध्य जर्मनीतल्या थ्युरिंगिया प्रांतात आर्नश्टाट गावच्या जोगिणींच्या मठाच्या 1404 सालच्या हिशेबात ब्राटवुर्स्टसाठी आतडी घेतल्याचा खर्च मांडलेला आहे. मला ही नोंद फार आवडते. कुणा राजाची मेजवानी नाही, कवीची ओळ नाही, नुसता आतड्यांचा खर्च, आणि त्यात हा शब्द सहाशे वर्षं टिकून राहिला. थ्युरिंगियातला रोस्टब्राटवुर्स्ट आजही लांब, 15 ते 20 सेंटिमीटरचा असतो. पाव त्याच्यापेक्षा आखूड, त्यामुळे दोन्ही बाजूंनी टोकं बाहेर, आणि वर मोहरीची चटणी. न्यूर्नबर्गचा मात्र जेमतेम बोटाएवढा: 7 ते 9 सेंटिमीटर, वजन 20 ते 25 ग्रॅम, मेंढीच्या बारीक आतड्यात भरलेला, मार्जोरम या सुगंधी पाल्याचा वास असलेला. तो एकटा कधी येत नाही. रस्त्यावर ‘एका पावात तीन’ असंच मागतात, हॉटेलात सहा-आठ-बाराच्या हिशेबाने. तुमच्या पुस्तकात दोन्ही ठिकाणं असतील तर हा फरक अनुवादात जपा, नाहीतर ‘त्याने बारा ब्राटवुर्स्ट संपवले’ हे वाक्य वाचून आपला वाचक हबकेल.

प्रश्न: मग मराठी शब्द कुठला? एकाने ‘चोरीस’ सुचवलं, गोव्याच्या वाचकाला लगेच कळेल म्हणून.

उत्तर: नको. चोरीस हा पोर्तुगीजांकडून आलेला, वेगळा पदार्थ. त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे मिरची-लसूण-व्हिनेगरमध्ये मुरवून, भरून, वाळवलेले असतात. आंबट-तिखट आणि लालभडक. ब्राटवुर्स्ट ताजा, फिकट, आणि तिखट अजिबात नाही. ‘चोरीस’ वाचून गोव्याच्या वाचकाच्या जिभेवर भलतीच चव येईल. ‘ब्राटवुर्स्ट’च ठेवा. पहिल्यांदा येईल तिथे ‘मांसाचं सारण भरलेला जर्मन सॉसेज’ एवढं वाक्यातच सांगून टाका, तळटीप नको.

प्रश्न: आणि लिंग? जर्मनमध्ये वुर्स्ट स्त्रीलिंगी आहे.

उत्तर: ते जर्मनपुरतं. मराठीत ‘ती ब्राटवुर्स्ट’ कानाला खटकतं. मी ‘तो ब्राटवुर्स्ट’ लिहीन, अनेकवचनही तेच: एक ब्राटवुर्स्ट, तीन ब्राटवुर्स्ट. जर्मन अनेकवचन ‘वुर्स्टं’ नाही, ‘व्युर्स्टं’ होतं. ते मराठीत आणायची काहीच गरज नाही. ‘वर्स्ट’ असं मात्र कृपा करून लिहू नका. तो उच्चार जर्मनही नाही, आणि इंग्रजी येणाऱ्या वाचकाला ‘सर्वांत वाईट’ असं वाचायला लावतो. पुस्तकातलं एखादं दक्षिणेकडचं पात्र ‘वुर्श्ट’ म्हणत असेल, तर संवादात तसंच राहू द्या. तिकडे खरंच तसं बोलतात.